२,१५० रुपयांचं नीतिमत्त्व

मागच्या वर्षी हंगामाच्या सणाला लिलावाच्या हिशेबात २,१५० रुपये कमी भरले. ते कुठे गेले हे पाच आठवड्यांनी कळलं. मधल्या पाच आठवड्यांत मी जो काही वागलो ते एकदा लिहून काढायचं म्हणून ही पोस्ट, लिहू की नको करत सातआठ महिने गेले, शेवटी बायको म्हणाली लिहा एकदाचं, नाहीतर झोपेत बडबडत बसाल.

ज्यांना हंगामाचा सण माहीत नाही त्यांना सांगतो. पीक घरात आलं की आमच्या मंडळीतली माणसं त्यातलं काहीतरी देवाचं म्हणून चर्चमध्ये आणतात. गावाकडे ज्वारी-बाजरीची पोती, गूळ, कोंबड्या, एखाद्या वर्षी शेळीसुद्धा. आम्ही आता शहराच्या कडेला येऊन राहिलेली माणसं, शेती फारशी कुणाची उरली नाही, त्यामुळे लाल भोपळा, नारळ, घरी केलेला केक, पुरणपोळ्या, कढीपत्त्याचं रोप असलं काय काय येतं. उपासना झाली की अंगणात मांडव आणि लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार. साठ रुपयांचा भोपळा सहाशेला जातो, घेणारा तो परत लिलावाला देतो, मग तो चारशेला जातो, असा एकच भोपळा तीन वेळा विकलेला मी पाहिलाय आणि खजिनदार म्हणून त्याच्या तीन पावत्याही मीच फाडल्यात.

नोकरीतही मी अकाउंट्सच करतो. त्यामुळे पावत्यांची बेरीज आणि रोख जुळत नाही हे माझ्या दृष्टीनं फार म्हणजे फार वाईट. त्या रात्री डायनिंग टेबलवर तीन वेळा मोजलं, नोटा सुट्या करून, दहाच्या दहाच्या गड्ड्या लावून. २,१५० कमी ते कमीच.

आता चर्चच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्यांत एक काका राहतात. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, दिवे, पाणी, फुलं, सगळं तेच बघतात. वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चचं सामान ठेवायच्या खोलीच्या, कपाटाची एक किल्ली तेव्हा त्यांच्याकडे असायची. महिन्यातून एखाद दिवशी थोडी घेतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माहीत नसल्यासारखं करतात. मी कुणाचं नाव घेतलं नाही बरं का. कमिटीच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणालो की कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत याचा एकदा विचार व्हायला हवा. झालं. पुढचं न बोलता सगळ्यांना कळलं, दोनतीन जणांनी माना हलवल्या, आणि पुढच्या रविवारी किल्ली काकांकडून परत घेतली गेली. पाळकसाहेबांना ते पटलं नव्हतं, पण ते नवीन, आणि मी अकरा वर्षांचा खजिनदार.

आणि तूट मी माझ्या खिशातून भरली. भरताना "देवाचे पैसे आहेत, कमी नको पडायला" असंही बोललो. हे वाक्य आज आठवलं तरी कान गरम होतात. मिनिट्समध्ये खजिनदारांचे आभार मानल्याची नोंद आहे, ठराव क्रमांक चार.

आता खरी गंमत पुढे. तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभा होती, कॉटेज मीटिंग म्हणतो आम्ही, आणि वचनावर बोलायची पाळी माझी. विषय मीच निवडला होता: रोमकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं, बायबलातलं, अध्याय ३ आणि ४. म्हणजे देवापुढे माणूस नीतिमान कसा ठरतो.

मी तयारी जोरदार केली होती. सुरुवातच शब्दापासून केली, की नीतिमत्त्व हा शब्द बायबल सोडून आपण कुठे वापरतो सांगा. कुठेच नाही. पेपरात नीतिमत्ता येते, राजकारणी एकमेकांची काढतात ती. ऑफिसात कुणी कुणाला नीतिमान म्हणत नाही, म्हणतात सरळ माणूस आहे, सज्जन आहे, धुतल्या तांदळासारखा आहे. आणि शब्दात 'नीती' बसलेली असल्यामुळे आपल्या कानाला वाटतं की नीतीनं वागला तो नीतिमान, सोपं आहे. पण पौलाचं ग्रीक वेगळ्या ठिकाणाहून येतं. दिकाइओस म्हणजे नीतिमान, दिकाइओसुने म्हणजे नीतिमत्त्व, आणि त्याच मुळाचं क्रियापद दिकाइओओ, ज्याला कोर्टाचा वास आहे. न्यायाधीशानं ज्याच्या बाजूनं निकाल दिला तो. मराठी बायबलवाल्यांनी त्याला 'नीतिमान ठरवणे' केलं, आणि माझ्या मते फार हुशारीनं केलं, कारण सगळी मेख त्या 'ठरवणे'मध्ये आहे. वेडा ठरवला, दोषी ठरवला, नापास ठरवला. ठरवणारा नेहमी दुसरा असतो. स्वतः स्वतःला ठरवून चालत नाही.

मग आजीची गोष्ट सांगितली. आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात संडे स्कूल घ्यायची, आणि आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की आमचीही घ्यायची. कुणी फुशारकी मारली, मी आज भिकाऱ्याला माझा लाडू दिला वगैरे, की ती हातातलं पुसायचं फडकं वर धरून दाखवायची आणि म्हणायची, "चिंधी रे बाळा, चिंधी." यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६४ व्या अध्यायातलं ते, की आमची सगळी धर्मकृत्यं मळक्या वस्त्रासारखी झालीत. लहानपणी आम्हाला वाटायचं की आमची पापं चिंधीसारखी आहेत असं ती म्हणतेय. मोठेपणी वचन नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की यशया पापांबद्दल बोलतच नाहीये, चांगल्या कामांबद्दल बोलतोय. आणि मूळ हिब्रूत ते कापड म्हणजे बायकांच्या अडचणीच्या दिवसांतलं कापड. आजीला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं पण ती ते वचन बायकांच्या सभेत एका वेगळ्याच आवाजात वाचायची आणि बायका खाली मान घालून हसायच्या, म्हणजे त्यांना बरोब्बर कळलेलं असणार.

इथपर्यंत सभेत सगळे खूश. मग मी माझ्या मैदानात आलो, म्हणजे हिशेबात.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाला (तेव्हा तो अब्रामच होता) रात्री तंबूबाहेर नेतो आणि म्हणतो तारे मोज, तुझी संतती एवढी होईल. म्हातारा माणूस, पोरबाळ नाही, आणि तो विश्वास ठेवतो. आणि पुढची ओळ: हा विश्वास देवानं त्याचं नीतिमत्त्व असा गणला. पौलानं हे 'गणला' उचललं आणि रोमच्या ४ थ्या अध्यायात पिळून काढलं. ग्रीक शब्द लोगिझोमाइ, हिशेबात धरणे, खात्यावर मांडणे. त्या एका अध्यायात तो शब्द ११ वेळा येतो, मी मोजलाय, माझं कामच ते. आणि पौल काय करतो, तर तो एंट्रीची तारीख बघतो! विचारतो, हे गणलं कधी? सुंता झाल्यावर की आधी? सुंता १७ व्या अध्यायात, ही एंट्री १५ व्या अध्यायात. म्हणजे आधी. आणि मोशेचं नियमशास्त्र तर गलतीकरांस पत्रात तो सांगतो की ४३० वर्षांनी आलं. म्हणजे अब्राहामाच्या खात्यावर जे जमा झालं ते कुठल्याही कामाच्या मोबदल्यात झालंच नव्हतं, तेव्हा दाखवण्यासारखं काम काही केलेलंच नव्हतं. काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती मेहेरबानी म्हणून नाही, ती देणंच असतं, असं पौल तिथेच म्हणतो. ऑडिटर झाला असता तो माणूस.

आपल्याकडे चित्रगुप्ताची वही सगळ्यांना माहीत आहे, पाप या बाजूला, पुण्य त्या बाजूला, शेवटी बेरीज. ख्रिस्ती माणसाच्या डोक्यातही मराठी वातावरणात तीच वही उघडी असते, उगाच नाही म्हणू नका. आणि ख्रिस्ती विश्वास सांगतो की त्या वहीत आपली पुण्याची बाजू कितीही लिहिली तरी बेरीज जुळणार नाही, म्हणून दुसऱ्याच्या खात्यातून वर्ग होतं. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर, आपलं देणं त्याच्या नावावर. यासाठी मी उदाहरण दिलं फिलेमोनाच्या पत्राचं. एकच पान आहे, बहुतेकांनी वाचलेलं नसतं. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून पळालेला, पौलाला कैदेत भेटतो, विश्वासात येतो, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल माझ्या हातानं हे लिहितो, मी फेडीन. माझ्या हिशेबी मांड! मी म्हणालो, बंधुभगिनींनो, अख्खं रोमकरांस पत्र या एका ओळीत आहे. लोक आमेन म्हणाले. एका ताईंनी वहीत लिहून घेतलं. प्रार्थना झाली, पोहे झाले, चहा झाला, आणि मी त्या रात्री फार छान झोपलो.

इथे एक आडवळण घेतो कारण ते मला नंतर महत्त्वाचं वाटलं. ऑफिसात माझा एक मित्र आहे, वसईचा, कॅथलिक. मी प्रोटेस्टंट, त्यामुळे डबा खाताना आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मी ल्यूथर काढतो. मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो तो, १५०५ मध्ये मठात गेलेला, उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, आणि तरी मनाला शांती नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात 'देवाचं नीतिमत्त्व' असे शब्द आहेत आणि त्यांचा त्याला राग यायचा, हे त्यानं स्वतःच म्हातारपणी, १५४५ साली, लिहून ठेवलंय. त्याला वाटायचं देव नीतिमान म्हणजे देव पाप्याला सोडणार नाही, फटकावणार. मग एकदा त्या ओळीचा पुढचा भाग, नीतिमान विश्वासानं जगेल, याच्याशी तो झगडत बसला आणि त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाहीये, देतोय. आपल्याला स्वर्गाचं दार उघडल्यासारखं वाटलं म्हणतो तो. ९५ प्रबंध, १५१७, विटेनबर्ग, ते सगळं त्याच काळातलं.

मित्र काय म्हणतो, ठीक आहे, पण मग माणूस आतून बदलतो की नाही? नुसता निकाल लागला आणि आत तोच माणूस, याला काय अर्थ? त्यांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये हेच म्हटलं, की नीतिमान ठरणं म्हणजे नुसती पापांची क्षमा नव्हे, आतल्या माणसाचं पवित्र होणं, नवं होणंसुद्धा. आणि मग तो याकोबाचं पत्र काढतो, की माणूस नुसत्या विश्वासानं नाही, क्रियांनीही नीतिमान ठरतो, तुमच्या ल्यूथरला ते पत्र आवडायचं नाही, पेंढ्याचं पत्र म्हणायचा ना? म्हणायचा खरा. यावर मी सांगतो की अरे बाबा तुमचे आमचे मोठे लोक ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला एकत्र बसून सही करून मोकळे झालेत, ल्यूथरन आणि कॅथलिक दोघांची, की मूळ मुद्द्यावर आपलं एकमत आहे, नंतर २००६ ला मेथडिस्टही आले, आता तू डबा खा. पण त्याचा प्रश्न मनात राहतोच. आत तोच माणूस असेल तर?

पाचव्या आठवड्याचा शनिवार. मला गॅसच्या शेगडीच्या दुरुस्तीची पावती सापडत नव्हती. सगळीकडे शोधलं. माझ्या बायबलला चेनचं कव्हर आहे, काळं, रेक्झिनचं, आमच्यात निम्म्या लोकांकडे असतं तसं. त्याला मागे एक कप्पा आहे. त्यात काय नसतं, मागच्या झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रूस, जुनी उपासनापत्रकं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, एका इलेक्ट्रिशियनचं कार्ड. आणि त्यात एक पांढरं पाकीट. वर माझ्याच अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं: 'कोंबड्या + केक, २१५०'.

मला अजून तो कागद दिसतो. पावसाचे थेंब यायला लागले म्हणून मी लिलावाच्या मध्येच काही रोख पाकिटात घालून आत ठेवली होती. ठेवली आणि विसरलो. पाच रविवार ते पाकीट मी काखेत घेऊन चर्चमध्ये गेलो आणि घरी आलो. त्या कॉटेज मीटिंगमध्ये मी हातात बायबल धरून 'माझ्या हिशेबी मांड' म्हणत होतो तेव्हा ते पाकीट माझ्या तळहातापासून दीड इंचावर होतं.

पहिला विचार काय आला सांगू? तर गुपचूप ठेवून द्यावं. कारण हिशेब तर जुळलेला आहे, तूट मी भरली आहे, म्हणजे हे पैसे कायद्यानं माझेच. कुणाचंच नुकसान नाही. लेजर क्लीन. दहा मिनिटं मी पलंगावर बसून हा युक्तिवाद करत होतो आणि तो मला पटतही होता. फक्त एक किल्ली तेवढी मध्ये येत होती.

त्या रात्री झोप नाही म्हणून उत्पत्ती वाचत बसलो. ठरवून नाही, १५ वा अध्याय परत बघायचा होता, अब्राहामाचा, माझा आवडता. वाचत वाचत ३८ व्या अध्यायात गेलो जो संडे स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. यहूदा आणि तामार. तामार यहूदाची सून. मोठा मुलगा मेला, रीतीप्रमाणे दुसऱ्याशी लावली, तोही मेला, आता तिसऱ्याची पाळी तर यहूदा म्हणतो पोरगं लहान आहे, तू माहेरी जाऊन बस. आणि ती बसते. मुलगा मोठा होतो तरी हा तिला बोलावत नाही. मग यहूदाची बायको वारते, तो मेंढरांची लोकर कातरायला निघतो, आणि तामार वैधव्याची वस्त्रं काढून तोंडावर बुरखा घेऊन रस्त्यात बसते. हा तिला वेश्या समजतो. पैसे म्हणून करडू पाठवतो म्हणतो, आणि तोवर तारण म्हणून आपली मुद्रा, मुद्रेचा गोफ आणि हातातली काठी देतो. तीन महिन्यांनी गावात बोभाटा, की तुझी सून गरोदर आहे. यहूदा काय म्हणतो? तिला बाहेर काढा, जाळून टाका. तपास नाही, चौकशी नाही. तिला बाहेर काढतात तेव्हा ती सासऱ्याला निरोप पाठवते की या वस्तू ज्याच्या आहेत त्याच्यापासून मी गरोदर आहे, ओळखा बरं, ही मुद्रा, हा गोफ, ही काठी कुणाची?

तो ओळखतो, आणि म्हणतो: माझ्यापेक्षा ती अधिक नीतिमान आहे.

इथे मी थांबलो. कारण माझ्या कॉटेज मीटिंगमधला सगळा अभ्यास एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. नीतीच्या कुठल्या पुस्तकात तामार बसेल? आपल्या कुठल्या चर्चच्या कमिटीत बसेल? पण नीतिमान हा शब्द तिला लागलाय, आणि लावणारा तो आहे ज्यानं दोन मिनिटांपूर्वी तिला जाळायचा हुकूम दिला होता. तिथे नीतिमान म्हणजे धुतला तांदूळ असा अर्थच होत नाही. तिची बाजू खरी होती, माझी खोटी होती, एवढाच अर्थ. आणि हे यहूदाला कुणी शिकवून कळलं नाही. समोर त्याची स्वतःची काठी ठेवली तेव्हा कळलं.

माझी काठी पाकिटात होती. पेन्सिलनं लिहिलेली.

मला आठवली पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनला मी दोनतीनदा गेलोय, पण त्यांची ती गोष्ट तेव्हा नुसती माहिती म्हणून ऐकली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणजे कामांच्या बाजूला त्यांची वही भरलेली, तुमच्या माझ्या दहा जन्मांत होणार नाही एवढी. आणि १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना ती बाई म्हणते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! संस्कृत, शास्त्रं, पुराणं, इंग्रजी, सगळं येणारी पंडिता. त्यांना चूक कबूल करायला कुणी भाग पाडलं नव्हतं. मला तर हातात पुरावा असून दहा मिनिटं लागली आणि तरी मी ठेवून द्यायचं बघत होतो.

एक सांगतो. आपल्याकडे पापी म्हणवून घ्यायला कुणाला जड जात नाही. संतांनी आपल्याला ती भाषा दिलीय, पतित, अपराधी, दीन. प्रार्थनेत आम्ही दर रविवारी मोठ्यानं म्हणतो की आम्ही विचारांनी, शब्दांनी, कृतींनी पाप केलंय, आणि म्हणताना पंखा कुठला बंद आहे तेही बघतो. सगळ्यांनी पाप केलंय असं पौल म्हणतो ते एकदम मान्य. पण २,१५० रुपये माझ्याच बायबलात होते आणि मी एका माणसाला चोर ठरवलं, हे म्हणायला जीभ उचलत नाही. लूकच्या १८ व्या अध्यायात तो परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, ज्याला सगळे पापी समजायचे, देवळात प्रार्थनेला जातात आणि नीतिमान ठरतो तो जकातदार, मी आयुष्यभर ती गोष्ट जकातदाराच्या बाजूनं वाचली. आपोआप. सगळेच तशी वाचतात. 'बरं झालं मी त्या परूश्यासारखा नाही' असं मनात म्हणून पान उलटायचं. त्या परूश्याचा हिशेब खोटा नव्हता हो, आठवड्यात दोन उपास, उत्पन्नाचा दशमांश, सगळं खरं होतं त्याचं, तो नुसतं देवाला स्टेटमेंट दाखवत होता आणि शेजारच्याकडे बोट करत होता. ठराव क्रमांक चार.

रविवारी उपासनेच्या आधी तासभर लवकर गेलो. स्कूटरवर वाक्याची तयारी चालली होती, 'काका, तुम्ही माझ्यापेक्षा नीतिमान आहात' असलं काहीतरी, यहूदासारखं. नशीब ते म्हणालो नाही. काका हापसा मारत होते. मी म्हणालो, "काका, लिलावाचे पैसे सापडले. माझ्याकडेच होते. बायबलात."

त्यांनी बादली भरेपर्यंत हापसायचं थांबवलं नाही. मग म्हणाले, "आमच्या बायकोनं सांगितलंच होतं, साहेबांकडंच असतील म्हणून."

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, नीट जमली नाही. मग खिशातून ते पाकीट काढलं आणि म्हणालो, हे तुम्ही ठेवा. मला खरंच वाटलं होतं की हे चांगलं होईल. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, वरचं पेन्सिलचं अक्षर वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पैशानं फिटवता का साहेब? घेतले तर लोक म्हणतील मीच घेतले होते." बरोबर होतं. मला ते सुचलंही नव्हतं. माझ्या डोक्यात अजून वहीच चालू होती, देणं आहे ना, मग भरून टाका.

"मग माफ केलंत का?" मी विचारलं. म्हणजे बघा, पावती मागतोय.

"करीन की. लगेच नाही."

हे 'लगेच नाही' मला फार दिवस टोचलं. देव तर लगेच करतो म्हणून मीच शिकवून आलो होतो, हा कोण? नंतर लक्षात आलं की तो देव नाही, हापशावर उभा असलेला एक माणूस आहे ज्याच्या बायकोला पाच आठवडे दुकानात लोक विचारत होते की किल्ली का काढून घेतली. देवानं मला नीतिमान ठरवलं म्हणून काकांनी बुधवारपर्यंत मला चहा पाजला पाहिजे असं कुठल्याही पत्रात लिहिलेलं नाही. वसईच्या मित्राला हे सांगितलं तर तो पहिल्यांदाच वाद न घालता गप्प बसला, आणि मग डब्यातला अर्धा बोंबील मला दिला.

कमिटीची मीटिंग त्याच संध्याकाळी बोलावली. पाळकसाहेब म्हणाले मिनिट्समध्ये कशाला, तोंडी सांगितलंत तेवढं पुरे. मी म्हणालो लिहा. आधीचे आभार लिहिलेत, तर हेही लिहा. एक सभासद म्हणाले खजिनदारसाहेबांचा मोठेपणा आहे, आणि बघता बघता माझ्या कबुलीचंच पुण्य व्हायला लागलं, मला पोटात ढवळलं, मी म्हणालो मोठेपणा नाही हो, पाकीट माझ्याकडे होतं. ठराव दोन ओळींचा आहे: तूट खजिनदारांच्या चुकीमुळे दाखवली गेली होती. कपाटाची किल्ली पूर्ववत परत देण्यात यावी. ते २,१५० कुठे मांडायचे यावर मात्र अर्धा तास गेला, शेवटी छताच्या दुरुस्तीच्या खात्यात गेले.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, त्या लांबलचक वंशावळीत जी वाचताना सगळे जांभया देतात, तिसऱ्या वचनात यहूदाही आहे आणि तामारही आहे. दोघंही. तो आळ घेणारा आणि ती जिच्यावर आळ आला ती, येशूच्या घरच्या माणसांच्या यादीत शेजारी शेजारी. हे मी काकांना सांगितलं एकदा, नाताळच्या आधी चांदणी लावताना, ते शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तामारबाईनं वस्तू जपून ठेवल्या म्हणून वाचली. आमच्याकडं काय होतं दाखवायला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी शिडी धरून उभा राहिलो.

किल्ली त्यांच्याकडे परत आहे. माफीचं त्यांनी मला अजून स्पष्ट सांगितलेलं नाही. पण हल्ली दर रविवारी दुसरी घंटा झाली की मी दारातून आत जाताना ते हळूच, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारतात, "साहेब, आज बायबल झटकलं का?"

आणि मी दर रविवारी कप्प्याची चेन उघडून त्यांना दाखवतो.